छतावर सोलर, तरी घरात अंधार का?

जगाची विजेची भूक वाढतेच आहे. मे महिन्यात पुण्यात रात्रभर एसी चालू लागले की तोच ताण आपल्या गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवर येतो. म्हणून छतावर तयार होणारं प्रत्येक युनिट मला मोलाचं वाटतं.

पण लाइट गेली की ऑन-ग्रिड सोलर, म्हणजे बॅटरीशिवाय थेट वीजकंपनीच्या लाइनला जोडलेलं सोलर, भर दुपारीही बंद पडतं. तो बिघाड नव्हे. खांबावर चढलेल्या वायरमनला उलट्या वीजप्रवाहाचा शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो.

तेव्हाही वीज हवी असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर (लाइन आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा) आणि बॅटरी लागते. १२ व्होल्ट, १५० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) ट्युब्युलर बॅटरी म्हणजे १.८ युनिट. त्यातली निम्मीच वापरा, नाहीतर प्लेटा लवकर जातात. दोन पंखे, चार एलईडी आणि राउटर मिळून २०० वॉट धरले, तर जेमतेम चार तास.

बॅटरीच्या टर्मिनलवर (वायर जोडतात त्या टोकांवर) हिरवट-पांढरा थर दिसला तर आधी इन्व्हर्टर बंद करून वायर सोडवा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने घासा, कोरडं करून व्हॅसलीन लावा. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घाला. नळाच्या पाण्यातल्या क्षारांनी प्लेटा खराब होतात.