लेगास्पीच्या कारिंदेरियात अळू

फिलिपिन्सचं जेवण पहिल्यांदाच चाखायचं असेल, तर मॉलमधलं चकचकीत हॉटेल सोडून कारिंदेरियात जावं. कारिंदेरिया म्हणजे तिथली साधी खानावळ. काउंटरवर झाकणं घातलेली पातेली ओळीनं मांडलेली असतात. झाकण उचलून बघायचं, विचारायचं आणि हवं त्याकडे बोट दाखवायचं. पदार्थांची नावं माहीत नसली तरी काही अडत नाही, आणि इंग्रजी बहुतेकांना येतंच.

मी जेवले ती कारिंदेरिया लेगास्पीत, बाजाराला लागून होती. ल्युझॉन बेटाच्या आग्नेयेला, मेयोन ज्वालामुखीच्या पायथ्याशी हे शहर आहे. हा बिकोल प्रदेश. फिलिपिन्समध्ये एरवी तिखट बेताचंच खातात, बिकोलमध्ये मात्र नारळाचं दूध आणि मिरची दोन्ही सढळ हातानं. मिरची इथे स्पॅनिश लोकांच्या काळात अमेरिकेतून आली. मनिला आणि मेक्सिकोतलं आकापुल्को यांच्यात 1565 ते 1815 अशी अडीचशे वर्षं जहाजं ये-जा करत होती. आपल्याकडे तीच मिरची पोर्तुगीजांनी आणली.

एका पातेल्यात काळपट हिरवं, वर तेल सुटलेलं काहीतरी होतं. हे कशाचं, म्हणून विचारलं तर वाढणाऱ्या ताईंनी ‘गाबी’ म्हणत हातांनी भलंमोठं पान काढून दाखवलं. अळू! पदार्थाचं नाव लाइंग. अळूची पानं उन्हात वाळवून चुरतात आणि आलं, लसूण, मिरची घालून नारळाच्या दुधात मंद आचेवर आटवत नेतात. सोबत डुकराच्या मांसाचे तुकडे किंवा सुकी मासळी, आणि बागोओंग, म्हणजे मिठात मुरवलेली कोळंबी. आपण अळूची खाज मारायला चिंच किंवा आमसूल घालतो. तिथे पानं दुधात पडली की मऊ होईपर्यंत ढवळायची नाहीत, नाहीतर घसा खाजतो, असं मानतात. माझा घसा अजिबात खाजला नाही. आपल्या फतफत्यातला गूळ, चणाडाळ, शेंगदाणे यांतलं इथे काहीच नाही. चव दाट, खारट, मागून चढणारी तिखट. गरम भाताबरोबर मी ते पुन्हा मागून घेतलं.

दुसरं घेतलं सिनिगांग. माशाचं पातळ, आंबट कालवण. त्यात मुळा, चवळीच्या लांब शेंगा आणि कांगकोंग ही पाण्यात वाढणारी पालेभाजी होती. हळद नाही, फोडणी नाही, वाटण नाही. सगळी मदार आंबटावर. बहुतेकदा चिंच असते, पण कैरी, पेरू किंवा कोकणात परसात दिसणारं बिंबलसुद्धा वापरतात. पहिल्या घोटाला कोणाला ते पाणचट वाटेल. मसाला शोधू नये, आंबट कसं आणि कशाचं आहे ते बघावं. मग त्यातला माशाचा गोडवा कळतो.

टेबलावरच्या बाटल्यांना हात लावायला संकोचू नये. सुका म्हणजे व्हिनेगर, पातिस म्हणजे माशाचं खारं पाणी, सोया सॉस, इवल्याशा झणझणीत मिरच्या आणि कलामान्सी. हे लिंबू सुपारीपेक्षा थोडंसंच मोठं असतं आणि त्याला संत्र्याचा वास येतो. वाटीत आपल्या जिभेला रुचेल तसं मिश्रण करून मासा त्यात बुडवून खायचा. याला सावसावान म्हणतात, आणि त्याशिवाय ते जेवण पुरं होत नाही. माडाच्या ताडीचं व्हिनेगर तर गोव्याच्या माणसाला लगेच ओळखू येईल.

जेवायला चमचा आणि काटा देतात. चमचा उजव्या हातात धरतात, काट्यानं घास पुढे ढकलतात. सुरी नसते, लागतही नाही. हातानं जेवलं तरी कोणी वळून बघत नाही, तिथेही ती जुनीच रीत आहे.

शाकाहारी मंडळींनी मात्र जपून राहावं. भाजी दिसली तरी तिच्यात बागोओंग किंवा मांसाचा तुकडा असू शकतो, म्हणून आधी स्पष्ट विचारावं. मालकिणी नीट सांगतात, आणि काही नसेल तर अंडं तळून देतात.

आणि जायचं ते दुपारी बाराच्या आत. स्वयंपाक सकाळीच उरकलेला असतो, त्यामुळे ऑफिसची माणसं आली की चांगली पातेली आधी रिकामी होतात. लाइंग तर सगळ्यात आधी.