बॉक्स हिलचा उतार

लंडनच्या दक्षिणेला, सरे परगण्यातील डॉर्किंग गावाजवळच्या बॉक्स हिलवर उन्हाळ्यातल्या एका दुपारी चढत असताना मांजराच्या मुताचा वास आला आणि मी आजूबाजूला मांजर शोधू लागलो. वास कडेच्या झाडांचा होता. ऊन तापले की बॉक्सच्या बारीक, चकचकीत पानांना तो सुटतो, आणि टेकडीचे नाव याच झाडांवरून पडलेले आहे.

आमच्या घरी वडिलांची नकाशे काढण्याची मापपट्टी बॉक्सच्याच लाकडाची होती: पिवळसर, गुळगुळीत, कडांवर केसासारख्या रेघा कोरलेली. तिला हात लावण्याची आम्हां भावंडांना सक्त मनाई असल्यामुळे वडील कामावर गेले की ती हमखास आमच्या हातात असे. हे लाकूड इतके घट्ट असते की एकोणिसाव्या शतकातील सचित्र नियतकालिकांची चित्रेही त्याच्याच ठोकळ्यांवर कोरली जात.

टेकडीची उंची अवघी २२४ मीटर, म्हणजे सह्याद्री पाहिलेल्या माणसाने हसावे एवढीच. परंतु ही टेकडी खडूच्या दगडाची आहे, आणि तिच्या पश्चिम पायथ्याशी वाहणाऱ्या मोल नदीने तो दगड असा कापून काढला आहे की तिथला उतार जवळजवळ कड्यासारखा झाला आहे. पातळ मातीच्या त्या घसरड्या उतारावर बीचसारखे थोराड वृक्ष टिकत नाहीत. बॉक्स आणि यू ही झाडे मात्र मुळे रोवून दाटीने उभे राहतात. पाऊस पडला तरी पाणी खडूत मुरून जाते. खुद्द मोल नदीसुद्धा कोरड्या दिवसांत काही ठिकाणी पात्रातल्या विवरांत शिरते आणि जमिनीखालून वाहते.

लोक मात्र वर जातात ते माथ्यावरून दक्षिणेचा देखावा पाहण्यासाठी. मला देखाव्यांचा मनापासून कंटाळा आहे. दूरची शेते सगळीकडून सारखीच दिसतात, आणि ती पाहण्याच्या घाईत पायाखालचा पांढरा दगड कोणी पाहत नाही.

याच टेकडीवर १८०० साली मेजर पीटर लॅबिलिएर या गृहस्थांना त्यांच्या इच्छेनुसार डोके खाली करून पुरण्यात आले. जग उलटेपालटे झाले आहे, तेव्हा शेवटी आपणच सरळ ठरू, असा त्यांचा हिशेब होता म्हणतात. त्या हिशेबात खोट काढता येईलही, पण देखाव्याकडे पाय आणि खडूकडे डोके करून राहिलेला माणूस मला तरी विक्षिप्त वाटत नाही.