अमेरिकेतला बिझनेसचा वर्ग: गुण कुठे जमतात, कुठे गळतात

अमेरिकेत बिझनेसची पदवी घ्यायला आलेल्या मुलांनी पहिल्या आठवड्यात सिलॅबस शब्द न शब्द वाचावा. तो प्रत्येक प्राध्यापक स्वतः लिहितो आणि गुणांची वाटणीही त्यातच असते. समजा, दोन मिडटर्म मिळून 40 टक्के, फायनल 25, गृहपाठ 15, ग्रुप प्रोजेक्ट 10 आणि वर्गातला सहभाग 10. म्हणजे फायनलच्या दिवशी पाऊण निकाल लागून गेलेला असतो. शेवटच्या महिन्यात जागरणं करून निभावून नेण्याची आपली सवय इथे फार महाग पडते.

सेमिस्टर साधारण 15 आठवड्यांचं. एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला वर्गातला साधारण एक तास, म्हणून 3 क्रेडिटच्या विषयाला बहुधा आठवड्यातून 75 मिनिटांची दोन लेक्चर्स. वर्गातल्या एका तासामागे बाहेर दोन तास अभ्यास धरलेला असतो, म्हणून 15 क्रेडिट म्हणजे आठवड्याचे सुमारे 45 तास.

बारावी कॉमर्स झालेल्यांना अकाउंटिंग ओळखीचं वाटतं आणि नेमके तिथेच गुण जातात. नावे-जमा तेच, पण ताळेबंदात रोख रक्कम सगळ्यात वर आणि इमारती-यंत्रं खाली. साठ्याच्या मूल्यांकनाची लिफो पद्धत (शेवटी आलेला माल आधी विकला गेला असं धरणारी) भारतीय मानकांना चालत नाही, इथे चालते, त्यामुळे ती शिकावीच लागते. फायनान्सच्या वर्गात टीआय बीए टू प्लस हा कॅल्क्युलेटर सर्रास दिसतो. व्याजदर काढताना 'एरर 5' आला तर बहुतेक वेळा चिन्ह चुकलेलं असतं: खिशातून जाणारी रक्कम उणे टाकायची, हातात येणारी अधिक.

खरी कसोटी केसच्या तासाला. केस म्हणजे एखाद्या कंपनीपुढच्या पेचाची लिहिलेली हकीकत. दहा-पंधरा पानांची केस आदल्या रात्री वाचून यायचं, समोर नावाची पाटी ठेवायची, प्राध्यापक हात वर नसलेल्यालाही विचारतात, "तुम्ही मॅनेजर असता तर किंमत वाढवली असती का?" आपली हुशार मुलं इथे केसचा सारांश सांगत बसतात. तो सगळ्यांनी वाचलेला असतो. हवा असतो निर्णय. वहीत चार ओळी तयार ठेवा: निर्णय, त्याची दोन कारणं, केसच्या तक्त्यातून स्वतः काढलेला एक आकडा, आणि या निर्णयात काय बिघडू शकतं. पहिल्या वीस मिनिटांत बोला, नंतर तुमचा मुद्दा दुसऱ्या कुणी तरी मांडलेला असतो. इंग्रजी अडखळलं तरी चालतं, गप्प बसणं चालत नाही. प्राध्यापकांचं मत खोडलं तर तो उद्धटपणा मानत नाहीत, फक्त आधार द्यावा लागतो.

ग्रुप प्रोजेक्टमध्ये चार-पाच जण. शेवटी अनेकदा एकमेकांचं मूल्यमापन असतं आणि त्यावरून एकाच गटात वेगवेगळे गुण पडतात. कामाची वाटणी पहिल्याच बैठकीत लिहून सगळ्यांना ईमेल करा. मित्राला एक्सेलची तयार फाईल देणं ही आपल्याला मदत वाटते. इथे ती कॉपी धरली जाते, देणारा आणि घेणारा दोघेही चौकशीत अडकतात.

विषय झेपत नसेल तर आधी प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्समध्ये जा, ती वेळ विद्यार्थ्यांसाठीच राखलेली असते. तरीही सोडायचाच झाला, तर ठरलेल्या तारखेआधी सोडल्यास गुणपत्रिकेवर नापासाऐवजी फक्त 'डब्ल्यू', म्हणजे विषय सोडल्याची नोंद, येतो. मात्र एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर पदवीच्या विद्यार्थ्याला सेमिस्टरला किमान 12 क्रेडिट लागतात. त्याखाली जाणार असाल तर विषय सोडण्यापूर्वीच आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची परवानगी घ्या. नंतर सांगितलं तर व्हिसाचा दर्जा धोक्यात येतो.