तुम्ही विचारलंत म्हणून: रिपोर्ट नॉर्मल म्हणजे ठणठणीत का?

मी नाशिकमध्ये घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेते. सुई बाहेर येते न येते तोच प्रश्न ठरलेला: "ताई, रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे मी ठणठणीत ना?" कापूस दाबून धरा, चोळू नका, एवढं बोलून मी स्कूटरला किक मारते. आज जरा नीट सांगते.

रिपोर्टवर उजवीकडे जी 'नॉर्मल'ची मर्यादा छापतात, ती बहुतेक तपासण्यांत निरोगी माणसांचेच आकडे घेऊन, त्यातल्या मधल्या ९५ टक्क्यांवरून ठरवलेली असते. म्हणजे धडधाकट २० जणांतला एखादा तिच्या बाहेर जाणारच. पंचवीस तपासण्यांचं पॅकेज घेतलंत, तर एखादा आकडा ठळक अक्षरात आला म्हणून हातपाय गाळायचं कारण नाही. साखरेचा हिशोब मात्र वेगळा. तिची रेघ पुढच्या धोक्यावरून आखलीय.

गंगापूर रोडला एक तरुण आहे. रोज धावतो, रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या चढतो, घड्याळात झोपसुद्धा मोजतो. तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c, ती टक्क्यांत मोजतात) ५.५ वरून ५.७ झाली, तर रात्री अकराला मला रिपोर्टचा फोटो! ५.७ पासून मधुमेहाच्या अलीकडची पायरी धरतात हे खरं, पण एवढासा फरक कधीकधी मशीनच्या चुकभुलीतही बसतो. मला काळजी वाटली ती त्याच्या अकरा वाजताच्या जागरणाची.

याच्या उलट दिंडोरीकडचे एक द्राक्षबागायतदार. मखमलाबादला मुलाकडे आले होते, सुनेनं जबरदस्तीनं बसवलं. उपाशीपोटी साखर २४०. "मला काय धाड भरलीय? काही दुखत नाही," म्हणाले. ऑक्टोबर छाटणी उरकू दे, मग म्हणे डिपिंग (घड औषधात बुडवणं), मग थिनिंग (घडातले मणी विरळ करणं), मग माल निघाला की बघू. म्हणजे मार्च उजाडला. दिवसभर बागेत राबता येतं तोवर माणूस बरा, हा त्यांचा हिशोब. मला तो पटतोही, आणि त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते, कारण साखर दुखत नाही. डोळे, किडन्या गुपचूप पोखरते.

जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या आम्हाला कोर्समध्ये पाठ होती: नुसता आजार नसणं पुरेसं नाही, शरीर, मन आणि समाजातलं जगणं, तिन्ही 'संपूर्ण' सुस्थितीत हवं. त्या संघटनेची घटना ७ एप्रिल १९४८ ला लागू झाली, म्हणून त्या तारखेला आरोग्य दिन आणि लॅबमध्ये सवलत. पण 'संपूर्ण' शब्द धरून बसलं, तर सातपूरपासून नाशिकरोडपर्यंत माझ्या यादीत एकही निरोगी माणूस सापडायचा नाही. मी तर नाहीच; सगळ्यांना उपाशी ठेवत फिरताना माझा पहिला चहा साडेनऊला होतो.

पंचवटीतल्या आजींचं हिमोग्लोबिन दहाच्या आसपास, गुडघे कुरकुरतात. रिपोर्ट उघडतही नाहीत, कॅलेंडरमागे खोचतात. घाटाच्या पायऱ्या उतरून, गंगेत (इथे गोदावरीला गंगाच म्हणतात) पाय बुडवून, कुणाचा हात न धरता वर येता आलं की त्यांच्या लेखी तब्येत झकास. त्यांची शीर बारीक, सुई लावली की पळते. गेल्या खेपेला उजव्या हाताला पट्टा बांधायला घेतला, तर हात मागे ओढून म्हणाल्या, "डाव्याची घे गं बाई. उजव्यानं अजून पोळ्या लाटायच्यात."