चार अधिक तीन

मंगळवार, रात्र

बाबांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या बायोप्सीचा रिपोर्ट दुपारी आला. बाबांनी विचारलं, "किती?" मी म्हटलं, "सात."

"दहापैकी?"

"हो."

"बरं," म्हणाले आणि पेपरची घडी उलटी करून पुन्हा वाचायला लागले.

बास, एवढंच झालं. पण तेव्हापासून पोटात काहीतरी अडकून बसलंय. शाळेत मी दहापैकी सात आणले की हाच माणूस विचारायचा, "बाकीचे तीन कुठे गेले?" आज नाही विचारलं.

का नाही विचारलं?

खोटं मी बोलले नाही. सातच आहेत. फक्त ग्लिसन स्कोअरची, म्हणजे प्रोस्टेटचा कॅन्सर किती वाईट ते सांगणाऱ्या आकड्याची, गुणपत्रिका उलटी असते हे सांगितलं नाही. बायोप्सीत कॅन्सर सापडला की हल्ली मोजणी सहापासून सुरू होते. सहा सगळ्यांत सौम्य, दहा सगळ्यांत वाईट. त्यात सातही दोन तऱ्हांचे. पेशींची घडण जितकी मोडलेली तितका आकडा मोठा, आणि दोन नमुन्यांच्या आकड्यांची बेरीज मांडताना जो जास्त दिसला तो आधी लिहायचा. तीन अधिक चार म्हणजे ग्रेड ग्रुप 2. चार अधिक तीन म्हणजे ग्रुप 3, जास्त वाईट. आमचे चार अधिक तीन. 12 तुकड्यांपैकी 5 मध्ये.

क्रम बदलला तरी बेरीज बदलत नाही, हे मला चिंचोके मांडून शिकवणारे बाबाच. त्यांना आता कुठल्या तोंडाने सांगू, की बदलते? ही पद्धत बसवणारे डॉक्टर ग्लिसन अमेरिकेतले, 1960च्या दशकातले. नुसतं अ, ब, क लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं त्यांचं?

रक्ताच्या तपासणीत पीएसए (प्रोस्टेटमधलं एक प्रथिन) 14.2 आला तेव्हा सोपं होतं. प्रोस्टेट नुसती वाढली असली तरी वाढतो, इन्फेक्शननेही वाढतो. ही दोन वाक्यं आम्ही महिनाभर पुरवून पुरवून खाल्ली. आता खायला काही उरलं नाही.

आणि हे सगळं मीच का वाचायचं? दादाला फोटो पाठवला तर त्याच्याकडून जोडलेले दोन हात आले. आई अजून "ती गाठ" म्हणते. जाऊ दे. रिपोर्टात खाली "पेरिन्युरल" असं काहीतरी आहे, ते मी शोधलेलं नाही. उद्या.

पण त्यांनी विचारलं का नाही? एक तर त्यांना सात खरंच बरे वाटले. किंवा माझं तोंड बघून कळलं, आणि मुलीला आणखी उत्तरं द्यायला लावू नयेत म्हणून पेपरात डोकं घातलं. तिसरी शक्यता आत्ता लिहिताना सुचतेय: त्यांना शब्दकोडं सोडवायचं होतं. ही बरीच दाट आहे.

शेवटी जेवताना सांगूनच टाकलं. "बाबा, ते चार अधिक तीन आहेत. चार जास्त."

त्यांनी आमटीत भात कालवला. "म्हणजे तीन अधिक चार असते तर बरं होतं."

"हो."

"हं. गुरुवारच्या स्कॅनला चहा पिऊन गेलेलं चालतं का?"

ते मी विचारलेलंच नाही. उद्या सकाळी आधी तो फोन.