तुम्ही विचारलंत म्हणून: करार आहेत, मग आमच्या लेकराला कुणी का विचारलं नाही?

"गल्फच्या देशांशी आपल्या सरकारचे करार आहेत म्हणता, मग आमचं लेकरू तिथं अडकलं तेव्हा कुणीच का विचारलं नाही?" नांदेड, परभणी, हिंगोलीकडं हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय, की एकेकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहिते. यातलं काही तुम्हाला आवडणार नाही. सगळं एजंटावर ढकलून मोकळं व्हायची सवय सरकारला आहे, तशी आपल्यालाही आहे.

करार आहेत, हे खरंच. कतारशी १९८५ सालापासून आहे, यूएईशी २००६ मध्ये झाला, सौदीशी घरकामगारांसाठीचा २०१४ मध्ये. पण करार दोन सरकारांमधला असतो. तुमचा मुलगा कामगार म्हणून गेलाय, अमुक मालकाकडं, अमुक पगारावर, अशी नोंद असली तरच त्याला त्या कराराचा आधार मिळतो. आपल्याकडं ही नोंद परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर होते. परदेशी मालक तिथं नाव नोंदवतो; किती माणसं, कोणतं काम, काय पगार, ही मागणी टाकतो. परवाना असलेला रिक्रूटिंग एजंट त्या मागणीवर माणूस देतो. पासपोर्ट, नोकरीचा व्हिसा, करारपत्र आणि प्रवासी भारतीय बीमा योजनेची पॉलिसी जोडली की प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सकडून, म्हणजे परदेशी जाणाऱ्या कामगारांसाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडून, मंजुरी निघते. सरकारी फी २०० रुपये. विम्याचा हप्ता दोन वर्षांना २७५, तीन वर्षांना ३७५. अपघाती मृत्यू झाला किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख. एजंटाला कायद्यानं जास्तीत जास्त ३० हजार आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये घेता येतात, तेही पावती देऊन. तुमच्याकडून घेतलेले लाख-दीड लाख कुठल्याच पावतीवर का नाहीत, ते यावरून समजून घ्या.

आता खरी गोम. ही सगळी साखळी १९८३ च्या एमिग्रेशन कायद्यावर उभी आहे, आणि ती सक्तीची आहे ती ईसीआर पासपोर्टवाल्यांना, तेही गल्फसह ठरावीक १८ देशांत कामाला जाताना. ईसीआर म्हणजे 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड', जाण्याआधी सरकारी तपासणी लागणारे; मुख्यतः दहावी न झालेले. दहावी पास झालात की पासपोर्टवर तो शिक्का येत नाही, तुम्ही ईसीएनआर, म्हणजे तपासणी न लागणारे, आणि तुम्हाला मंजुरी लागत नाही. दहावी शिकलेला माणूस स्वतःची काळजी स्वतः घेईल, असा त्यामागचा हिशोब. आज आपल्याकडं फरशी बसवणारा, शटरिंग ठोकणारा पोरगाही दहावी झालेला असतो. अरबी करारपत्र त्यालाही वाचता येत नाही आणि परांचीवर तोही तेवढाच उंच चढतो.

गंगाखेड तालुक्यातल्या अशाच एका फरशी मिस्त्रीचं सांगते. नाव देत नाही, घरच्यांची इच्छा नाही. दहावी पास, पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का नाही. गावातल्या मध्यस्थानं सांगितलं, "तुला मंजुरी-बिंजुरी काही लागत नाही, व्हिजिटवर जा, तिथं गेल्यावर कंपनी परमिट करून देईल." यातलं पहिलं वाक्य कायद्यानं बरोबर होतं, म्हणून घरच्यांना दुसरंही खरं वाटलं. परमिट झालंच नाही. यूएईत तो परांचीवरून पडला आणि दवाखान्यात वारला. ठेकेदारानं सांगितलं, हा माणूस आमच्याकडं कामाला नव्हता. असं तो का म्हणाला हेही बघा: व्हिजिट व्हिसावरच्या माणसाला कामाला लावलं तर तिथं मालकाला लाख दिरहमपासून दहा लाख दिरहमपर्यंत दंड होऊ शकतो. जो नियम बेकायदा कामाला आळा घालायला केला, त्याच नियमामुळं माणूस मेल्यावर त्याला ओळख दाखवण्यात मालकाला काहीच फायदा उरत नाही.

मग कागदांची रांग. दवाखान्याचा मृत्यूचा अहवाल, पोलिसांचा ना-हरकत दाखला, मृत्यूचा दाखला, वकिलातीत नोंद, पासपोर्ट रद्द करणं, एम्बामिंगचा (शव टिकवण्याच्या प्रक्रियेचा) दाखला, कार्गोचं बुकिंग. यातला एक कागद अडला की पुढचा हलत नाही. कामगार परमिटवर असता तर हे सगळं मालकाचा पीआरओ, म्हणजे सरकारी कागदपत्रं बघणारा माणूस, करतो आणि खर्चही मालकाचाच. इथं व्हिसाचा प्रायोजक एक ट्रॅव्हल कंपनी, तिनं फोन उचलणं बंद केलं. शव ताब्यात कोण घेणार याचं वारसांचं संमतीपत्र इथून करून, नोटरी करून पाठवायचं होतं. घरचे पहिल्यांदा साध्या कागदावर अंगठा करून ते पाठवून बसले, ते परत आलं. शेवटी वकिलातीच्या कल्याण निधीतून खर्च झाला आणि पेटी हैदराबादला उतरली. हा निधी २००९ सालापासून आहे आणि तो उपयोगी पडतो, हे मुद्दाम सांगते. सरकारनं काहीच केलं नाही, असं म्हणणं खोटं ठरेल.

पण भरपाई? यूएईच्या कामगार कायद्यात कामावर मृत्यू झाला तर २४ महिन्यांचा मूळ पगार वारसांना मिळतो, कमीत कमी १८ हजार आणि जास्तीत जास्त २ लाख दिरहम. त्यासाठी तो कामगार होता हे सिद्ध व्हावं लागतं. परमिट नाही, बँकेत पगार नाही, करारपत्र नाही. विमाही नाही, कारण ज्या मंजुरीच्या वाटेवर विमा सक्तीचा आहे त्या वाटेनं तो गेलाच नव्हता. ३७५ रुपयांची पॉलिसी नव्हती म्हणून त्याच्या बायकोला एक रुपया मिळाला नाही. तिनं मला तुमचाच प्रश्न विचारला, आणि "करार आहे, पण त्यात तुमचा नवरा नाही" हे तिच्यासमोर बसून म्हणणं मला जमलं नाही.

तुम्ही म्हणाल, मग ईसीएनआरवाल्यांनाही नोंदणी सक्तीची करा. मीही वर्षानुवर्षं हेच म्हणत आले. नोव्हेंबर २०१८ मध्ये परराष्ट्र मंत्रालयानं तसं जाहीरही केलं होतं: १ जानेवारी २०१९ पासून १८ देशांत नोकरीला जाणाऱ्या ईसीएनआरवाल्यांनी निघण्याच्या २४ तास आधी नोंदणी करायची, नाहीतर विमानात बसू देणार नाही. ओरड झाली आणि त्याच महिन्यात ते थांबवलं. तेव्हा मला फार राग आला होता. आज तेवढ्या खात्रीनं रागावता येत नाही. परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्यात सांगून ठेवलंय. शिवाय सक्तीचं काय होतं हे बायकांच्या बाबतीत दिसतंच. ईसीआर पासपोर्टवर घरकामाला जाणाऱ्या बाईला किमान ३० वर्षांची अट आहे. हेतू चांगला, पण २५ वर्षांच्या बाईला एजंट व्हिजिट व्हिसावर नेतो आणि मग तिची नोंद कुठंच राहत नाही. तरीही त्या मिस्त्रीचे कागद आठवले की वाटतं, सक्ती हवीच होती. हे माझं अजून ठरत नाही.

आणि नोंद झाली की सरकार कायम आपल्याच बाजूनं बसतं, असंही समजू नका. आपलं सरकार या देशांसाठी किमान पगाराचा आकडा ठरवतं, त्याखाली मंजुरी देत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये करोनाच्या काळात हाच आकडा खाली आणला: यूएई, कतार, ओमान, बहारीनला २०० डॉलर, कुवेतला २४५, सौदीला ३२४. नोकऱ्या टिकाव्यात म्हणून केलं, असं कारण दिलं. प्रकरण तेलंगणाच्या उच्च न्यायालयात गेलं आणि २०२१ च्या जुलैमध्ये आकडे पूर्ववत झाल्याचं संसदेत सांगण्यात आलं. तेलंगणातल्या गल्फ कामगारांच्या संघटना भांडल्या. नांदेडहून तेलंगणाची हद्द किती लांब आहे? तरी आपल्याकडून त्यावर आवाज निघाल्याचं मला आठवत नाही.

आपल्याला मजूर पाठवण्याची रीत माहीत नाही असं नाही. ऊसतोडीला मुकादम आधी उचल देतो, मग कोयता निघतो. त्या उचलीत माणूस कसा अडकतो हे बीडकरांना मी काय सांगणार. पण तिथं निदान पैसा मजुराच्या हातात आधी येतो. गल्फला उलट, मजूरच उचल देतो, तीही सावकाराकडून काढून, आणि ती फिटेपर्यंत मालकानं कसंही वागवलं तरी परत येऊ शकत नाही. मजुराकडून फी घेऊच नये, असं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९९७ चा १८१ क्रमांकाचा करार सांगतो. भारतानं तो मान्य केलेला नाही. करारांचं बोलायचं तर या कराराचं बोला.

जर्मनीबद्दलही बरेच जण विचारतात. भारत-जर्मनी करार डिसेंबर २०२२ चा, महाराष्ट्र आणि बाडेन-वुर्टेमबर्गचा २०२४ चा, १० हजार कुशल माणसांचा. तिथंही नोकरी मालक देतो आणि व्हिसा दूतावास देतो. नर्सिंगला बी-टू पातळीचं जर्मन लागतं, ते चार महिन्यांत येत नाही. "कोटा आहे, सीट बुक करा" असं कुणी म्हणालं तर पैसे देऊ नका.

ज्यांचं पोरगं आत्ता व्हिजिट व्हिसावर तिकडं काम करतंय, त्यांनी आज त्याला फोन करा. मालकानं पाठवलेले मेसेज, साइटवरचे फोटो, साइटचं नाव, फोरमनचा नंबर हे सगळं त्यानं तुमच्याकडं पाठवून ठेवावं. पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या पानाची प्रत घरात असू द्या. यूएईत असेल तर देश न सोडताही व्हिजिटचा वर्क परमिट होतो, पण मालकानं अर्ज करावा लागतो, आणि तो व्हिसाची मुदत संपायच्या आत. मालक "पुढच्या महिन्यात करू" म्हणत असेल तर दुबईतल्या प्रवासी भारतीय सहायता केंद्रात त्यानं मुदत शिल्लक असतानाच जावं. मुदत संपल्यावर गेला तर आधी रोजचा दंड मोजायला लागतो.