मॉर्गेनथाऊंची रोजनिशी

शनिवार

आज दिवसभर ८ ऑगस्ट १९१५ या एकाच तारखेपाशी अडकून बसले आहे. त्या दिवशी कॉन्स्टँटिनोपलमध्ये अमेरिकेचे राजदूत हेन्री मॉर्गेनथाऊ तुर्कस्तानचा गृहमंत्री तलात याला भेटायला गेले. नंतर त्यांनी भेटीची हकिगत सेक्रेटरीला तोंडी सांगितली आणि सेक्रेटरीने ती टाइप केली. मॉर्गेनथाऊंच्या राजदूतपदाच्या सगळ्या काळाची रोजनिशी अशीच तयार झाली. मूळ कागद वॉशिंग्टनला लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या हस्तलिखित विभागात आहेत. २००४ साली आरा सराफियन यांनी ती संपादित करून छापली, म्हणून माझ्यासारखीला घरबसल्या वाचता येते.

नोंद छोटी आहे. तलात म्हणाला, आर्मेनियन लोकांबद्दल काही बोलायचं असेल तर तुम्ही एकटेच येत चला. मग म्हणाला, त्यांच्यातल्या तीन चतुर्थांश लोकांचा निकाल आम्ही लावलेला आहे. बिटलिस, व्हान, एर्झुरुममध्ये आता कुणी उरलेलं नाही. आणि वैर इतकं पराकोटीला गेलंय की हे काम पुरं करणं आम्हाला भाग आहे.

बस, एवढंच. ना हळहळ, ना उद्गारचिन्ह. इकडे तिकडे उलटावं तर कुणाबरोबर जेवण झालं, कोण भेटीला आलं, घोड्यावरून रपेट, रॉबर्ट कॉलेजचं काही काम, मिशनऱ्यांच्या तक्रारी. या सगळ्याच्या मधोमध, त्याच सपाट सुरात, एका समाजाचा निकाल लावल्याचं एक मंत्री सांगतो. मी आर्मेनियन संहाराबद्दल, म्हणजे तुर्की साम्राज्यातल्या आर्मेनियन लोकांच्या पहिल्या महायुद्धातल्या कत्तलींबद्दल, पूर्वी बरंच वाचलं आहे, त्यात संतापाने लिहिलेली पानंही खूप होती. पण यातल्या कशानेही या चार ओळींइतकी धडकी भरली नव्हती.

एकटेच या, असं तलात का म्हणाला? कारण राजदूतांचे दुभाषी आणि कायदेविषयक सल्लागार अर्शाग श्मावोन्यन हे आर्मेनियन होते. आणि ही रोजनिशी टाइप करणारे सेक्रेटरी हागोप आंदोनियन, तेही आर्मेनियनच. म्हणजे ज्यांना खोलीबाहेर ठेवून हे बोलायचं होतं, त्यांच्यातल्याच एकाच्या बोटांखालून ते वाक्य कागदावर उतरलं. आपले लोक आता तिथे उरले नाहीत, हे त्यांनी राजदूतांच्या तोंडून ऐकलं आणि टाइप केलं. पुढच्या दिवशीची नोंद टाइप करायलाही तेच बसले. मॉर्गेनथाऊंचं नाव इतिहासात राहिलं. ते राहायलाच हवं. पण मला वाटतं, आंदोनियन यांचं नावही त्यांच्या शेजारी घेतलं जावं.

रविवार, दुपार

थोडं मागचं लिहून ठेवते, म्हणजे पुढचं डोक्यात नीट बसेल.

मॉर्गेनथाऊ मुळात मुत्सद्दी नव्हेत. जन्म १८५६चा, जर्मनीतल्या मानहाइमचा. दहा वर्षांचे असताना कुटुंब न्यूयॉर्कला आलं. शिक्षण वकिलीचं, पैसा कमावला जमिनींच्या व्यवहारात. १९१२च्या निवडणुकीत वुड्रो विल्सन यांच्यासाठी निधी उभा करण्याची जबाबदारी त्यांच्याकडे होती. विल्सन यांनी त्यांना तुर्कस्तानचं राजदूतपद देऊ केलं, तेव्हा त्यांनी आधी नकार दिला. ज्यू माणसाला हमखास तीच जागा द्यायची ही अमेरिकेतली जुनी रीत त्यांना खटकत होती. मित्रांनी समजूत घातल्यावर तयार झाले आणि १९१३च्या अखेरीस तिथे पोचले.

पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटलं. ऑगस्ट १९१४मध्ये त्यांनी न्यूयॉर्कचे बँकर जेकब शिफ यांना तार करून पॅलेस्टाइनमधल्या उपाशी ज्यूंसाठी ५० हजार डॉलर मागितले, आणि ते मिळाले. १६ जुलै १९१५ रोजी त्यांनी वॉशिंग्टनला ती प्रसिद्ध तार केली: बंडाचा बदला घेण्याच्या नावाखाली आर्मेनियन वंशाच्या संहाराची मोहीम चालू आहे. ही तार मात्र त्यांच्या खासगी कागदांतली नव्हे. ती सरकारी, म्हणून परराष्ट्र खात्याच्या दप्तरासोबत राष्ट्रीय अभिलेखागारात. एकाच माणसाचे एकाच महिन्यातले कागद दोन वेगळ्या छपरांखाली आहेत. अभ्यासकांना दोन्हीकडे बसून ते जुळवावे लागतात, आणि जुळवले की तारेमागची माणसं दिसू लागतात: अलेप्पोहून लिहिणारे कॉन्सल जेसी जॅक्सन, हारपूतहून लिहिणारे लेस्ली डेव्हिस. डेव्हिस यांनी आर्मेनियन लोकांना कॉन्सुलेटमध्ये लपवलं होतं आणि घोड्यावरून गोएलजुक सरोवरापर्यंत जाऊन काठावरची प्रेतं स्वतः पाहिली होती.

रविवार, रात्री

आता पुस्तकाबद्दल.

अमेरिका एप्रिल १९१७मध्ये युद्धात उतरली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात मॉर्गेनथाऊंनी विल्सन यांना लिहिलं, की आपल्या अनुभवांवर पुस्तक काढावं म्हणतो, जर्मनीविरुद्ध लोकमत तापायला त्याचा उपयोग होईल. विल्सन यांनी होकार दिला. बर्टन हेंड्रिक या पत्रकाराने रोजनिशी आणि पत्रं समोर ठेवून मजकूर रचला, आंदोनियन मदतीला होतेच, आणि १९१८मध्ये राजदूतांच्या आठवणींचं पुस्तक बाहेर पडलं. जगाने मॉर्गेनथाऊंना ओळखलं ते या पुस्तकातून.

आज काही प्रकरणं रोजनिशीशेजारी ठेवून वाचली. पुस्तकातले संवाद लांब, ठसठशीत, नाटकातल्यासारखे आहेत. तलात तिथे पुरता खलनायक. रोजनिशीतला तलात जेवायला येतो, गप्पा मारतो, आणि त्याच सहजपणे वर लिहिलं आहे ते बोलतो. पुस्तकात सगळ्या कारस्थानाचा सूत्रधार जर्मन राजदूत बॅरन वांगेनहाइम. रोजनिशीतला वांगेनहाइम हा नेहमी उठबस असलेला, बोलका गृहस्थ. १९१४च्या ऑगस्टमध्ये मॉर्गेनथाऊंची मुलगी, जावई आणि नातवंडं इटालियन बोटीतून येत असताना ‘गोएबेन’ या जर्मन युद्धनौकेचा इंग्रजांनी केलेला पाठलाग त्यांच्या डोळ्यांसमोर झाला होता. पोचल्यावर त्या मुलीला प्रश्न विचारून विचारून भंडावणारा हाच वांगेनहाइम. (बोटीवरची दोन वर्षांची नात म्हणजे पुढची इतिहासकार बार्बरा टकमन.)

आपल्याकडे राजवाडे सांगून थकले की बखरीवर विसंबू नका, अस्सल कागद शोधा. त्यासाठी ते गावोगावची दप्तरं धुंडाळत हिंडले. इथे बखर आणि अस्सल कागद दोन्ही एकाच माणसाचे आहेत, आणि दोन्हींत तीनच वर्षांचं अंतर आहे.

१९९०मध्ये हीथ लोरी या अमेरिकन इतिहासकाराने ही दोन्ही रूपं ताडून पाहिली आणि पुस्तक हे भरवशाचं साधन नाही असा निष्कर्ष काढला. ताडून पाहण्याचं ते काम मला मोलाचं वाटतं. युद्धाच्या प्रचारासाठी लिहिलेलं पुस्तक इतिहास म्हणून जसंच्या तसं घेऊ नये, हे मला मान्य आहे. पण तिथून काही जण आणखी पुढे जातात: पुस्तकात रंग भरला, म्हणजे संहाराची गोष्टही संशयास्पद. हे मला अजिबात पटत नाही. पुस्तक बाजूला ठेवलं तरी ८ ऑगस्टची नोंद उरतेच. डेव्हिस आणि जॅक्सन यांचे अहवाल उरतात. आणि उरतो खुद्द वांगेनहाइम. ७ जुलै १९१५ला, म्हणजे मॉर्गेनथाऊंच्या तारेच्या नऊ दिवस आधी, त्याने बर्लिनला आपल्या चान्सेलरला कळवलं होतं, की तुर्की सरकार साम्राज्यातल्या आर्मेनियन वंशाचा नायनाट करण्याच्याच उद्देशाने चाललं आहे. जर्मनी तर तुर्कस्तानचा दोस्त. दोस्ताची खोटी बदनामी करण्यात त्याला कसला फायदा? पुस्तकाने ज्याला मुख्य खलनायक केलं, त्याच्याच सहीचा कागद पुस्तकातल्या मूळ आरोपाला दुजोरा देतो.

म्हणून मला वाटतं, हेंड्रिक यांनी रंग भरून राजदूतांचं नुकसानच केलं. तलातला राक्षस करण्याची गरज नव्हती. जेवणाच्या टेबलावरचा हसरा, हजरजबाबी गृहमंत्री तसाच राहू दिला असता, तर वाचणाऱ्याला कळलं असतं की असले हुकूम कसली माणसं काढतात.

मंगळवार

मॉर्गेनथाऊ १ फेब्रुवारी १९१६ला कॉन्स्टँटिनोपल सोडून निघाले. पुढे १९२३मध्ये ग्रीसमध्ये आलेल्या लाखो निर्वासितांना वसवणाऱ्या आयोगाचे ते पहिले अध्यक्ष झाले. १९४६मध्ये नव्वदीत गेले. त्यांचा मुलगा रूझवेल्ट यांचा अर्थमंत्री. त्याच्या डायऱ्यांचे आठशेहून अधिक खंड न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्कला, रूझवेल्ट यांच्या ग्रंथालयात आहेत. नोंदी ठेवण्याची सवय घरातच मुरलेली होती.

आज एका गोष्टीने मॉर्गेनथाऊंबद्दलचा माझा आदर वाढला. पुस्तक गाजल्यावर त्यांच्यासमोर जवळजवळ तीस वर्षं होती. पुस्तकाशी न जुळणारी पानं चुलीत घालायला एक दुपार पुरली असती. त्यांनी ती घातली नाहीत. जेवणं, रपेटी, तलातशी झालेल्या गप्पा, सगळं जसंच्या तसं राहू दिलं. त्यामुळे लोरी यांना त्यांच्यावर टीका करता आली, आणि मला त्या टीकेला उत्तर शोधता आलं.

आता हारपूतचे डेव्हिस यांचे अहवाल वाचायला घेते आहे. आधी ३० जून १९१५चं पत्र.